पाळकबंगल्यातला फोन : कोल्हापुरातल्या एका मंडळीचं प्रकरण

हे लिहायला पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि त्यांच्या पत्नी, दोघांनीही परवानगी दिली आहे. मजकूर दोघांनी वाचला. बाईंनी दोन ठिकाणी खोडलं आणि एका ठिकाणी भर घातली. मंडळीचं (म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समुदायाचं) नाव, पेठ, घरातल्या माणसांचे तपशील बदलले आहेत. कोल्हापूर मात्र तसंच ठेवलंय, कारण पूर आणि रंकाळा तलाव काढून टाकला तर यात सांगण्यासारखं फार उरत नाही.

मी निवृत्त नर्स. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मनोविकार विभागात गेली. या मंडळीची मी सभासद नाही, माझी उपासना दुसरीकडे असते. ही बाब पुढे फार उपयोगी पडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

पाळकसाहेब जून २०१८ मध्ये इथे बदलून आले तेव्हा चाळिशीचे होते. मुख्य मंडळी साधारण १८० घरांची. जोडीला दोन बाहेरगावच्या छोट्या मंडळ्या, एक शिरोळ तालुक्यात नदीकाठी आणि दुसरी पन्हाळ्याच्या बाजूला. रविवारी सकाळी साडेआठला शहरात उपासना, ती आटोपली की मोटारसायकलवर बाहेरगावी, संध्याकाळी परत तरुण संघ. मानधन २१ हजार, तेही दशांश (सभासद उत्पन्नातून देतात ते दान) कमी जमला की दहा-बारा तारखेपर्यंत लांबायचं. राहायला कंपाउंडातला पाळकबंगला. बाई एका खाजगी शाळेत शिक्षिका, मुलगी तेव्हा सातवीत, मुलगा दुसरीत.

बंगल्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून मिशनची जी घडी बसत गेली तिच्यात चर्च, शाळा आणि बंगला एकाच कंपाउंडात असायचे. मिशनरी गेले, त्या घडीतला बंगला राहिला. सकाळी सहाला कुणी मुलाच्या दाखल्यावर सही घ्यायला येतो, रात्री अकराला कुणी नवऱ्याने मारलं म्हणून येते. बाई एकदा म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या घराला दार आहे, कडी नाही." आणि पाळकाची बदली झाली, पाळक आजारी पडले किंवा वारले, की घर सोडावं लागतं. हा मुद्दा पुढे प्रत्येक निर्णयात आडवा आला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या मंडळीतली बहुतेक घरं पाण्यात गेली. पाळकसाहेब आठवडाभर तिथल्या निवारा केंद्रात राहिले. ती घरं सावरतायत तोवर कोरोना आला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, त्यांनी अकरा अंत्यविधी केले. त्यातले दोघे त्यांच्याच पंच कमिटीतले, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतले. चार वेळा असं झालं की घरचे लोक अलगीकरणात होते, आणि बांधलेल्या पिशवीवरचं नाव वाचून "हो, हेच" म्हणणारे एकटे पाळकसाहेब होते. पुढे दोन महिन्यांत, जुलैत, पुन्हा पूर. त्यांचं एक वाक्य मला विसरता येत नाही. "२०१९ पासून मी ओलाच आहे, सिस्टर. वाळायला वेळच मिळाला नाही."

या सगळ्यात ते कोलमडले नाहीत. लोकांनी शाल-श्रीफळ दिलं, सत्कार केला, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. माझ्या अनुभवात माणूस संकट चालू असताना क्वचितच पडतो. पाणी ओसरल्यावर भिंत पडते, हे नदीकाठच्या लोकांना सांगायला नको.

पुराने जे केलं नाही ते २०२२-२३ च्या एका भांडणाने केलं. कंपाउंडाच्या कडेच्या जागेवरून पंच कमिटीत दोन तट पडले. भांडणाच्या तपशिलात जात नाही. दोन्ही बाजूंचे लोक रात्री बंगल्यावर येऊन एकमेकांविरुद्ध बोलायचे, आणि दोघांनाही वाटायचं की पाळक आपल्या बाजूचे आहेत. दोघांचं ऐकून घेणारा माणूस शेवटी दोघांनाही फितूर वाटू लागतो. तसंच झालं.

अडचण कशी दिसू लागली

मंडळीचे खजिनदार म्हणजे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती पैशांची. पाळकसाहेब मानधनाची पावती सही न करता तशीच ठेवायला लागले. मग हिशेबाच्या बैठका चुकू लागल्या. एक दिवस सकाळी अकरा वाजता त्यांची मोटारसायकल रंकाळ्याच्या कठड्यापाशी दिसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. घरभेटी थांबल्या. मागच्या वर्षीचा उपदेश जसाच्या तसा परत झाला, आणि संडे स्कूलच्या एका पोराने तो ओळखला.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी ते जाहीर सूचना वाचत होते. त्या आठवड्यातल्या वाढदिवसांची यादी त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा सुरू केली. पुढच्या बाकांवर कुजबुज झाली. सेक्रेटरींनी उठून हळूच कागद घेतला आणि शेवटचं गीत सांगितलं. त्याच आठवड्यात चौदा कुटुंबांच्या सह्यांचं पत्र पंच कमिटीकडे आलं : पाळक कामात चालढकल करतात, आजाऱ्यांना भेटत नाहीत, प्रार्थनेत कमी पडतात, सबब बदली व्हावी.

"सबब" हा शब्द मला फार लागला. कोर्टातला शब्द आहे तो.

त्यानंतरच्या शनिवारी बाई मला कपिलतीर्थ मंडईत भेटल्या. भेटल्या म्हणजे मी तिथे शनिवारी असते हे त्यांना माहीत होतं. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे रात्री दोनला उठून व्हरांड्यात बसतात. फोन वाजला की हात थरथरतो. परवा फोन तांदळाच्या डब्यात सापडला."

मी त्यांना म्हटलं, साहेबांना माझ्या घरी पाठवा, चहाला, दुपारी. बंगल्यावर मी येणार नाही.

पहिली भेट

माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दीड तास बसलो. पहिली चाळीस मिनिटं ते माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते. पाळकांची ही सवयच असते, समोरच्याला बोलतं करायचं आणि आपण सुटायचं. शेवटी मी म्हटलं, "साहेब, आज मी तुमच्या घरभेटीत नाही. तुम्ही माझ्या घरी आलाय."

मग झोप विचारली, भूक विचारली. वजन सहा किलो उतरलं होतं. पवित्र शास्त्र उघडतात, तर अक्षरं दिसतात पण पोचत नाहीत. प्रार्थना? "इतरांसाठी करतो. स्वतःसाठी करायला बसलो की मी खोटं बोलतोय असं वाटतं."

जो प्रश्न विचारायला लोक कचरतात, तो मी सरळ विचारला. जीव द्यावा, असं मनात येतं का? नर्सिंगच्या नोकरीत मी एवढं पक्कं शिकले आहे की विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर यायला वाट मिळते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सकाळी जागच येऊ नये असं रोज वाटतं, पण स्वतः काही करावं असं ठरवलेलं नाही, तशी काही तयारीही केलेली नाही. पाळकाने असलं बोलणं पाप आहे ना, असंही विचारलं. मी म्हटलं, ताप आल्याचं सांगणं पाप असेल तर हेही पाप. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. मानसिक त्रासात मदत करणारी सरकारी सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. बाईंना काय बघायचं आणि कधी मला लगेच फोन करायचा, हे त्यांच्या संमतीने सांगितलं.

नाव काय द्यायचं, हाही प्रश्नच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या स्पष्ट केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं : कमालीचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पाळकसाहेबांना हा शब्द लगेच पटला. कारण उघड आहे. बर्नआउट म्हटलं की खूप काम केल्याचं श्रेय मिळतं. नैराश्य म्हटलं की विश्वासावर बोट येतं. पण सहा किलो वजन, पहाटेची जाग आणि जगावंसं न वाटणं याला मी नुसता थकवा म्हणू शकत नव्हते. आठ दिवस सुट्टी घेऊन पन्हाळ्याला जाऊन हे बरं होणारं नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

खजिनदार, बाई, पाळकसाहेब आणि मी, असे चौघं एकदा बसलो. तेव्हा खजिनदारांनी बँकेतल्यासारखा एक कागद केला. त्यावर पाच गोष्टी होत्या.

बदली मागून घेणं. सगळ्यात सोपं, आणि तक्रार करणाऱ्यांना हवं तेच. पण मुलगी बारावीत, परीक्षा तोंडावर. शिवाय आजारी माणसाला नव्या गावी, नव्या लोकांत टाकायचं म्हणजे दुखणं ट्रकमध्ये भरून पाठवायचं.

उपवास-प्रार्थनेचा आठवडा ठेवणं. सेक्रेटरींची सूचना होती आणि मनापासून होती. मी प्रार्थनेच्या विरोधात नाही. पण पाळकासाठी प्रार्थनेचा आठवडा म्हणजे सात संध्याकाळी पाळकाला पुढे खुर्चीवर बसवायचं, आणि शेवटी आशीर्वाद त्यांनीच द्यायचा.

बिनपगारी रजा. यात घर चालणार नव्हतं. मुलीच्या फीसाठी पतसंस्थेचं कर्ज होतं. वर, पाळकसाहेबांच्या टेबलाच्या खणात चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडला. दारात आलेल्या गरजूंना स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे. दोनशे, पाचशे, एकदा तीन हजार. परत आलेलं त्यात काहीच नव्हतं. खजिनदार तो गठ्ठा बघून बराच वेळ चष्मा पुसत बसले.

वरिष्ठांना जाऊन सगळं सांगणं. कागदावर हा सगळ्यात रास्त मार्ग दिसत होता. पाळकसाहेब एकच वाक्य बोलले : "ज्यांच्या हातात माझी बदली, त्यांच्यापुढे मन कसं मोकळं करू?" वरिष्ठ माणूस वाईट नव्हता. पण एकाच खुर्चीवर बसून कुणी दुःख ऐकतो आणि त्याच खुर्चीवरून बदलीचा आदेश काढतो, तेव्हा समोरचा माणूस शब्द मोजूनच बोलणार. या सगळ्या प्रकरणात मला मुळाशी सापडलेली गोष्ट हीच. पाळकांना सल्ला देणारे खूप होते. ज्याच्या हातात पाळकांचं काहीच नाही, असा ऐकणारा एकही नव्हता. मी तिथे उपयोगी पडले ती माझ्या शहाणपणामुळे नाही. मला त्यांच्या मंडळीत मत नव्हतं, म्हणून.

पाचवी गोष्ट, आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. हेच ठरलं, पण ठरवून प्रश्न संपला नाही.

डॉक्टर कुठले?

कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, चांगले आहेत. पण आमच्या समाजात प्रत्येक दुसऱ्या घरात एक नर्स असते. सीपीआर हे सरकारी रुग्णालय घ्या, कुठलंही खाजगी रुग्णालय घ्या, केसपेपर काढायच्या खिडकीपाशी कुणीतरी "सलाम, पाळकसाहेब, इकडे कुठे?" म्हणणारच. मिरजेच्या दवाखान्यांचं तर बोलायलाच नको. शेवटी बेळगाव ठरलं. एसटीने दोन-अडीच तास, पण तिथे ओळखीचं कुणी नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड ठीक निघालं, साखर ठीक, बी-१२ बरंच कमी. नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली असते, जिच्यात जास्तीत जास्त २७ गुण होतात, तिच्यात १७ आले. नैराश्याचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, पुढे कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतील, असं त्यांनी नीट समजावलं.

बी-१२ ची गंमत अशी की त्यामुळे घराला सांगायला एक कारण मिळालं. "विटॅमिन कमी पडलंय" हे वाक्य बाईंनी पुढे दोन महिने ढालीसारखं वापरलं. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

बेळगावचा निर्णय बरोबर होता का, यावर माझं मत अजून डळमळतं. गुप्तता मिळाली म्हणून ते गेले, नाहीतर गेलेच नसते. पण दर वेळी पूर्ण दिवस मोडायचा, आणि तिसऱ्या भेटीला ते गेलेच नाहीत, "बस चुकली" म्हणाले. जवळचा डॉक्टर असता तर मीच हाताला धरून नेलं असतं. आज वेळ आली तर पहिली भेट बाहेरगावी आणि दुसऱ्या महिन्यापासून कोल्हापुरात, असं मी सुचवीन.

"ईस्टर होऊ दे"

इथे माझ्या हातून चूक झाली.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, नुकताच सुरू झाला होता. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली होती. पाळकसाहेब म्हणाले, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर एवढं होऊ दे, एप्रिलपासून रजा घेतो. पंच कमिटीतले जे आमच्या बाजूचे होते तेही हेच म्हणाले. मलाही ते पटलं. वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा, तो पाळकाशिवाय कसा होईल? म्हणजे शेवटी मीही त्याच जुन्या हिशेबात अडकले. नाताळ होऊ दे, परिषद होऊ दे, लग्नं होऊ देत. पाळकाच्या आजारपणाला पंचांगात जागाच नसते.

२९ मार्चला उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना त्यांनी पार पाडली. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचांवर तेच बोलले. लोक म्हणाले, पाळक सावरले. ३१ तारखेला पहाटेची ईस्टर उपासना दफनभूमीत झाली, तीही झाली. एक एप्रिलला ते अंथरुणातून उठले नाहीत. दोन तारखेलाही नाही. त्या रात्री बाईंचा फोन आला तेव्हा मी रिक्षा करून गेले आणि सकाळपर्यंत तिथेच बसले. डॉक्टरांशी फोनवर बोललो, औषध बदललं. बंगल्यातल्या सगळ्या गोळ्या आणि शेतीच्या औषधाचा एक जुना डबा मी पिशवीत घालून माझ्या घरी नेला.

ती रात्र टळली असती. सात उद्गार सात जणांना वाटून देता आले असते, कितीतरी मंडळ्यांत तसं होतंच. पाळकांनी फक्त बसून ऐकलं असतं. हे मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं.

सांगायचं कुणाला, किती

आता रजा टळत नव्हती, आणि रजेला कारण लागतं. "वैद्यकीय कारण" एवढंच लिहून अर्ज दिला. चार दिवसांत तीन अफवा. एक दारूची, एक परक्या बाईची, एक पैशांची. आजार झाकला की त्याजागी लोक त्यांना माहीत असलेलं काहीतरी घालतात.

एप्रिलच्या मध्यावर पाळकसाहेबांनी स्वतःच ठरवलं की पंच कमिटीला खरं सांगायचं. मी म्हटलं, घाई नको. ते म्हणाले, लपवायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नाही. बैठकीत मी नव्हते, त्यामुळे पुढचं खजिनदारांकडून ऐकलेलं. साहेब उभं राहून म्हणाले, "मला नैराश्याचा आजार आहे. औषध चालू आहे. बरा होईन असं डॉक्टर म्हणतात. तोवर मला तुमची मदत पाहिजे." एवढंच बोलून बसले.

एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "पाळकालाच असं व्हायला लागलं तर आम्ही बघायचं कुणाकडं ओ?" त्यावर पन्हाळ्याकडच्या मंडळीच्या एक आजीबाई, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, बोलल्या. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला का? आधी झोपू दिलं, मग भाकरी दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत भाकरी दिली. बोलणं नंतर. "आणि तुम्ही भाकरीच्या आधी कागद काढलासा," असं त्या चौदा सह्यांच्या पत्राकडे बोट करून म्हणाल्या.

आजीबाईंच्या बोलण्याने सगळ्यांचं मन पालटलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ठराव पास झाला तो खजिनदारांनी हिशेब मांडल्यावर : मे-जूनच्या बदल्यांआधी दुसरा पाळक मिळत नाही, मिळाला तरी दोन घरं पोसावी लागतील, त्यापेक्षा आठ आठवड्यांची भरपगारी रजा स्वस्त. सहा विरुद्ध चार. पण आजीबाईंचं बोलणं मंडळीत फिरत राहिलं, आणि त्या आठवड्यापासून बंगल्यावर डबे यायला लागले. कुणीही आत न येता, डबा पायरीवर ठेवून जायचं, असं महिला मंडळाने ठरवलं होतं. एक-दोघी तरी आत आल्याच.

काय केलं

ठरावात पहिला मुद्दा घराचा होता, आणि तो लिहून घ्यायला मी खजिनदारांच्या मागे लागले होते. पाळक बरे होवोत वा न होवोत, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत बंगला आणि मानधन चालू राहील, असं सही-शिक्क्याचं पत्र त्यांना मिळालं. बाई सांगतात की त्या रात्री ते सहा तास सलग झोपले. गोळ्यांचा परिणामही तेव्हाच सुरू झाला असावा. पण मी त्या पत्राला कमी लेखणार नाही.

उपदेशाची पाळी लागली. एक निवृत्त पाळक, ईश्वरविज्ञान शिकलेली एक तरुण मुलगी जिला आजवर कुणी व्यासपीठावर उभं केलं नव्हतं, आणि तीन वाचक. त्या मुलीचं दुसऱ्या रविवारचं बोलणं लोकांना इतकं आवडलं की पाळकसाहेब परत आल्यावरही महिन्यातला एक रविवार तिचाच राहिला.

फोनचा बंदोबस्त सगळ्यात अवघड गेला. सहा वर्षं जो नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला, तो बंद कसा करायचा? मंडळीच्या पैशातून साधा बटणांचा फोन घेतला, नवा नंबर काढला आणि तो पंचांत आठवड्याच्या पाळीने फिरू लागला. मृत्यू किंवा दवाखाना असेल तरच रात्री करायचा. पहिल्या आठवड्यात ज्या पंचाकडे फोन होता, ते सह्यांच्या पत्रातले तिसरे सही करणारे. सात दिवसांत एकोणचाळीस फोन आले. आठव्या दिवशी ते खजिनदारांना म्हणाले, "हे माणूस सहा वर्षं कसं करत होतं?" माझ्या कुठल्याही समजावण्याने हे झालं नसतं.

दारात येणाऱ्या गरजूंसाठी डब्बा-निधी काढला, त्याची चावी खजिनदारांकडे. पाळकांनी स्वतःच्या खिशातून द्यायचं नाही. सोमवार सुट्टीचा, फाटकावर पाटी. ती पाटी एकदा चोरीला गेली.

जुलैची परीक्षा

जूनमध्ये ते अर्ध्या वेळेवर परतले : रविवारची उपासना आणि आठवड्याला चार घरभेटी. बदलीचा विषय वरिष्ठांनी वर्षभर पुढे ढकलला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा वाढू लागली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली आणि नदीकाठच्या मंडळीतून फोन सुरू झाले, पाळकसाहेब कधी येताय?

ते निघायच्या तयारीत होते. रेनकोट घालून पायरीवर बसलेले होते. मी पोचले तेव्हा बाई काही न बोलता दारात उभ्या होत्या. मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. विचारलं, "तिथे पाळकाचंच असं कोणतं काम आहे जे दुसऱ्याने केलं तर चालणार नाही?" त्यांनी बराच विचार केला. चादरी, धान्य, ट्रॅक्टर, जनावरं, यातलं काहीच नाही. "पाणी उतरल्यावर घरात जाऊन प्रार्थना करायची, ते." मग ते तेव्हा जा, असं ठरलं. तरुण संघाची पोरं दोन टेम्पो घेऊन गेली. पाणी उतरल्यावर साहेब गेले, दोन दिवस, रात्री घरी परत येऊन. काही जणांनी म्हटलंच की या वेळी पाळक आले नाहीत. ते त्यांना लागलं. पण ते बोलून दाखवता आलं त्यांना, आणि तेही माझ्याकडे नाही, बाईंकडे.

बाईंचं राहून गेलं

हा भाग बाईंनी वाढवायला सांगितला. मूळ मसुद्यात तो चार ओळींचा होता, आणि त्यातच सगळं आलं, असं त्या म्हणाल्या.

पाच महिने आम्ही सगळे पाळकसाहेबांकडे बघत होतो. औषध घेतलं का, झोप झाली का, हे आम्ही बाईंना विचारायचो. म्हणजे आम्ही त्यांना वॉर्डातली नर्स करून टाकलं होतं, आणि मी स्वतः नर्स असून मला ते दिसलं नाही. शाळेची नोकरी, मुलीची बारावी, महिला मंडळाचं अध्यक्षपद (जे पाळकाची बायको म्हणून आपोआप येतं आणि ज्याचं मानधन नसतं), आणि रात्रीची जागरणं. ऑगस्टमध्ये वर्गात चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब १८० च्या वर.

दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, मला कुणी विचारलंच नाही, तुला भीती वाटते का." फेब्रुवारीत मंडईत त्या माझ्यापाशी आल्या होत्या तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो साहेबांबद्दल. आज तसं घडलं तर मेथीची पेंडी बाजूला ठेवून आधी त्यांनाच विचारीन.

त्यांनी महिला मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. यावर मंडळीत जेवढी चर्चा झाली तेवढी पाळकांच्या आजारावरही झाली नव्हती.

पुढे काय झालं

ऑक्टोबरपर्यंत पाळकसाहेब पूर्ण वेळ कामाला लागले. प्रश्नावलीचे गुण १७ वरून ५ वर आले. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढच्या वर्षी हळूहळू कमी झाल्या. तीन कुटुंबं दुसऱ्या चर्चला गेली, ती परत आली नाहीत. जागेचं भांडण अजून चालूच आहे.

त्या वर्षाअखेरीपासून वेगवेगळ्या पंथांचे पाच पाळक महिन्यातून एका गुरुवारी एकत्र जेवतात. पन्हाळा रस्त्यावर एकाच्या मेव्हण्याचं शेत आहे, तिथे. नियम दोनच. ज्याच्या हातात कुणाची बदली आहे असा माणूस तिथे बसत नाही, आणि कुणी कुणाला उपदेश करत नाही. दुसरा नियम दर वेळी मोडतो, असं ऐकते. पहिला अजून मोडलेला नाही.

पंचांचा फिरता फोन डिसेंबरपर्यंत नीट चालला. नाताळच्या धांदलीत तो सेक्रेटरींकडे दोन महिने राहिला, मग खजिनदारांकडे आला आणि तिथेच स्थिरावला. पाळी बंद पडली, फोन चालू राहिला. सोमवारची सुट्टी मात्र टिकली, कारण साहेब सोमवारी बाईंना शाळेत सोडून रंकाळ्यावर चालायला जाऊ लागले आणि लोकांना ते बघायची सवय झाली.

जून २०२५ मध्ये त्यांची रीतसर बदली झाली. सात वर्षं पुरी झाली होती. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ होतंच. नवे पाळक तिशीतले, उत्साही. खजिनदारांनी त्यांच्या हातात बंगल्याची किल्ली, ठरावाची प्रत आणि त्या बटणांच्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि सोमवारबद्दल समजावून सांगितलं. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं, आभार मानले.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम तिथल्या उपासनेला गेले. बाहेर पडताना सूचनाफलकाकडे नजर गेली. मंडळीच्या फोनचा नंबर होता तिथेच होता. त्याखाली निळ्या शाईत, ठळक अक्षरांत, नव्या पाळकांनी स्वतःचा नंबर लिहिला होता, आणि पुढे : "केव्हाही."

खजिनदार माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.